आरशाला अडकवलेलं हेल्मेट

आधीच सांगते, मी गणिताची शिक्षिका आहे. राजारामपुरीत एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना शिकवते. भूत, साक्षात्कार, अंगात येणं असले विषय निघाले की मी चहा ठेवायला उठते. तरीही हे लिहितेय, कारण बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने आपापलं उत्तर मला ऐकवलंय आणि माझं डोकं उठलंय.

तर माझा नवरा, संजय. तरुणपणी कुस्तीसाठी तालमीत घुमलेला गडी. तिथेच डावा खांदा निखळला तो कायमचा... हात खांद्याच्या वर जात नाही, स्वेटर चढवायलासुद्धा मी लागते. आणि हट्टी किती! हेल्मेट घेतलं होतं, पण डोक्यासाठी नव्हे, बाइकच्या आरशासाठी. पोलीस दिसला की डोक्यावर, पोलीस मागे पडला की परत आरशावर. पट्ट्याचं बक्कल तुटून जमाना झाला होता. मी रोज ओरडायची. "व्हय व्हय, करतो की," म्हणून यांनी किक मारायची, संपला विषय!

दर पौर्णिमेला हे नृसिंहवाडीला जाणार आणि वाटेत कुणी चालताना दिसलं की बाइक थांबवणार — "बसा पावणं!" ओळख ना पाळख.

अशाच एका पौर्णिमेला वाडीहून परतताना, जयसिंगपूर ओलांडल्यावर, भर दुपारी एक कार उलट्या बाजूने आली आणि यांना उडवलं. मेंदूला मार लागला. डॉक्टर म्हणाले, हेल्मेट नसतं तर हाती लागले नसते. मी म्हटलं, हेल्मेट? यांच्या डोक्यात?

सिस्टरने ते माझ्या हातात दिलं. तुटक्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांत पांढऱ्या पंच्याची फाडलेली पट्टी ओवलेली आणि ती मानेमागे नेऊन गाठ मारलेली. गाठ सुटेना म्हणून सिस्टरने पट्टी बाजूने कात्रीने कापली होती. गाठ तशीच घट्ट. आता तुम्हीच सांगा, ज्याचा एक हात वर जात नाही तो माणूस स्वतःच्या मानेमागे गाठ कशी मारेल?

शुद्धीवर आल्यावर यांचा पहिला प्रश्न, "पावण्याला घरी सोडलं का?"

"कुठला पावणा?"

"माझ्या मागं बसलेला की. म्हणाला, आधी डोक्यात घाला, मग मी बसतो. त्यानंच बांधलं."

डॉक्टरांनी मला नीट समजावलं. मेंदूला मार बसला की आठवणींत भोकं पडतात आणि मेंदू ती मनानेच भरून काढतो. पेशंट खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच घडलंय असं वाटतं. हे मला पटलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, साक्षात वाडीचे महाराज होते. हे पटलं नाही. महाराजांना बाइक कशाला लागेल?

पुढे क्लेमची केस उभी राहिली. कारच्या विमा कंपनीचं म्हणणं एकच — हेल्मेट घातलंच नव्हतं, म्हणून डोक्याला लागलं, म्हणजे चूक यांचीच. इकडे यांची नोकरी गेलेली. जेवलो की नाही तेही आठवत नाही, मधेच रडू येतं, मधेच ताट भिरकावतात. यांचे पुढचे सगळे उपचार त्या केसवर अवलंबून आहेत.

आमचे वकील यांचे तालमीतले दोस्त. ते म्हणाले, "वहिनी, त्यो पावणा कोर्टात न्हाय आणायचा. आणला तर म्हणतील, करा हजर. न्हायतर म्हणतील, माणूस भ्रमिष्ट हाय. त्यापेक्षा तुम्ही सांगा की, घरातनं निघताना गाठ तुम्हीच मारली."

"अहो, हे निघाले तेव्हा मी क्लासवर होते!"

"कोण बघतंय?"

म्हणजे बघा, माझ्या नवऱ्याचं खरं चालत नाही आणि माझं खोटं चालतं!

अपघात डोळ्यांनी पाहिलेली एकच बाई, रस्त्याकडेच्या रसवंतीवरची मावशी. हे तिच्याकडे रस प्यायला थांबले होते. कार उलटी आली, हे तिने कोर्टात ठणकावून सांगितलं. आम्ही खूश. मग कंपनीच्या वकिलांनी हेल्मेटचं विचारलं.

"आरशाला अडकिवल्यालं हुतं की. तसंच निघालं, आन् माझ्या डोळ्यांम्होरं पुढं धडाक्!"

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

"बाइकवर मागे कोणी होतं?"

"न्हाय, एकटंच हुतं." मग जरा थांबून मावशी म्हणाली, "पर रस दोन गिलास घेटला. म्या म्हटलं, दुसरा कुणाला? तर म्हणालं, पावण्याला."

रस पिताना यांच्या डोक्याला अजून काहीसुद्धा झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले ती भोकं तेव्हा पडलेलीच नव्हती.

त्यानंतर माझी पाळी आली. गाठ कोणी मारली, असं विचारल्यावर मी म्हणाले, "मला माहीत नाही." वकील अजून माझ्यावर रुसलेत. निकाल लागायचाय. मावशी खोटं बोलत नव्हती, सिस्टरही नव्हती, आणि दोघींचं मिळून गणित काही सुटत नाही. मी खूप वेळा मांडून पाहिलंय.

खरं सांगू? मला राग त्या पावण्याचाच येतो. लग्न झाल्यापासून मी घसा फोडतेय ते यांनी कधी ऐकलं नाही, आणि त्याचं एका वाक्यात ऐकलं! भेटलाच कधी तर पाया पडण्याआधी मी त्याच्याशी भांडणार आहे.

आता स्कूटर मी चालवते आणि हे मागे बसतात. परवा यांना फिजिओथेरपीला न्यायचं होतं. उशीर झाला होता, म्हणून मी माझं हेल्मेट आरशाला अडकवलं आणि स्कूटर चालू केली. हे खालीच उभे.

"बसा ना! किती वेळ?"

हल्ली कधी कधी मी कोण ते यांना कळत नाही. तेव्हाही कळलं नसावं, कारण मला कधीच अहोजाहो न करणाऱ्या या माणसाने उजव्या हाताने आरशावरचं हेल्मेट काढलं, माझ्यापुढे धरलं आणि हे अगदी शांतपणे म्हणाले,

"आधी डोक्यात घाला, मग मी बसतो."

मी मुकाट्याने घातलं.