त्याने गाडीचा आवाज काढला

ही केस मी आजवर खूप ठिकाणी सांगितली आहे. प्रशिक्षण केंद्रात नव्या फौजदारांना, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर. लोक हसतात, टाळी देतात. पण प्रत्येक वेळी मी मधला एक भाग गाळतो. तो भाग मी बायकोलाही सांगितलेला नाही. गेल्या वर्षी मुदतीआधीच नोकरी सोडली, तेव्हा अनेकांनी कारण विचारलं आणि मी तब्येतीचं नाव पुढे केलं. आता पूर्ण सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी अंधेरी पूर्वेच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. नोकरी नवी, अंगात रग. थंडीचे दिवस होते. एका शुक्रवारी उजाडायच्या आधी मरोळच्या बाजूला एका शाळेतल्या बाईंना गाडीने उडवलं. हातात रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन त्या दूध केंद्राकडे निघाल्या होत्या. गाडी थांबली नाही. बाई जागीच गेल्या. मी पोहोचलो तेव्हा त्यांच्या पायातली एक चप्पल रस्त्याच्या पार पलीकडे होती, आणि दुधाच्या रांगेतली माणसं रांग न मोडता तिकडे बघत होती. त्या रांगेचा मला फार राग आला होता.

पंचनामा केला. रस्त्यावरचे दिवे बंद, त्यामुळे गाडी कोणीच धड पाहिली नव्हती. आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला होता.

"बोंबलत गेली साहेब," रांगेतला एक जण म्हणाला. "ती बड्या बापांची पोरं उडवतात ना गाड्या, तसली. कानठळ्या बसल्या."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून आमच्या डोक्यात स्पोर्ट्स कार शिरली ती शिरलीच. जागेवर काचा सापडल्या, पिशवी सापडली, आणि गंजक्या नळीचा एक तुकडा सापडला. तो आम्ही जप्त केला आणि विसरून गेलो.

बाईंच्या विद्यार्थ्यांचे पालक दुसऱ्याच दिवशी ठाण्यावर आले. रविवारी मोर्चाच आला. आमचे वरिष्ठ निरीक्षक मला केबिनमध्ये घेऊन म्हणाले, "मला शोध नको, माणूस पाहिजे. काय ते बघ."

सोमवारी सकाळी साकीनाक्याजवळचा एक पानवाला आला. तो आम्हाला अधूनमधून बातम्या पुरवायचा. चुन्याने पांढरी झालेली बोटं टेबलावर ठेवून हळू आवाजात बोलू लागला.

"माझ्या टपरीसमोरच्या गॅरेजात शनिवारी एक लाल, बुटकी, दोन सीटवाली गाडी आली. फॉरेनची. पुढच्या बंपरला चेपा आहे. आणि मिस्त्री पान खाताना काय बोलला माहीत आहे? म्हणाला, ह्या गाडीचा आज आवाज काढला."

"आवाज काढला?"

"हेच शब्द साहेब. आईशप्पथ."

मी उठूनच उभा राहिलो. शुक्रवारी बोंबलत गेलेली गाडी, शनिवारी तिचा आवाज काढलेला. म्हणजे पुरावाच नाहीसा केला. घरातला पंखा खडखडायला लागला की आपण माणूस बोलावतो आणि तो पंख्याचा आवाज काढून देतो. मला तो एकच अर्थ माहीत होता.

आम्ही गॅरेजवर गेलो. गाडी आच्छादनाखाली होती. किल्ली मालकाकडे, आणि मालक, एका बिल्डरचा मुलगा, घरी नव्हता. गाडी दोरखंड लावून ओढत ठाण्याच्या आवारात आणली. माझ्या हाताखालचे हवालदार जुने, शांत गृहस्थ होते. ते वाटेत म्हणाले, "साहेब, किल्ली मागवून एकदा चालू करून बघू या का? काय वाजते ते तरी कळेल."

"आता काय वाजणार? आवाज काढलाय म्हणतो ना तो. आधी कबुली घेऊ."

तरीही हवालदारांनी मालकाच्या घरी शिपाई पाठवला, आणि आरटीओच्या निरीक्षकांना गाडी तपासायला बोलावलं. तो रिवाजच होता, म्हणून मीही काही म्हटलं नाही.

मिस्त्री पस्तिशीचा, मालवणकडचा. बाप गिरणीत होता, हा गाड्यांत घुसला. गबाळा अजिबात नव्हता. केसाला तेल, खिशाला कंगवा, बोलण्यात मिजास. सिनेमावाल्यांच्या आणि बिल्डरांच्या गाड्या त्याच्याकडे यायच्या आणि त्याचा त्याला फार तोरा होता. दुपारी जेवणानंतर त्याला वरच्या खोलीत बसवला. तो घाबरलेला नव्हता, हेही मला खटकलं.

"शनिवारी त्या लाल गाडीचं काय केलंस?"

"आवाज काढलंय."

"म्हणजे कबूल आहे तुला?"

"त्यात कबूल काय करूचा? तोच माझो धंदो, साहेब. अख्ख्या अंधेरीत माझ्यासारखो आवाज काढणारो दुसरो दाखवा, मी मिशी उतरवतंय."

"तुला मिशीच नाही," हवालदार म्हणाले. मिस्त्री हसला. मी हसलो नाही.

"कोणी सांगितलं काढायला?"

"मालकान. घाई कर म्हणालो. आणि कोणाक बोलू नको म्हणालो."

मी हवालदारांकडे पाहिलं. "कोणाला बोलू नको? का?"

"बापाशीक कळाक नको. बापूस गाडी काढून घेतलो असतो."

आता माझी खात्रीच पटली. बापाला कळलं तर गाडी जाईल, म्हणजे बापाला अपघात कळायला नको. सगळं जागच्या जागी बसत होतं. तो जे बोलत होता ते शब्दन् शब्द खरं होतं आणि मी शब्दन् शब्द उलटं ऐकत होतो. "त्याआधी गाडी कशी वाजायची?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काही झालं नसतं. तो मी विचारला नाही.

"सायलेन्सर उघडलास?"

"उघडलंय तर. पोट फाडून आतल्या जाळ्ये काढलंय, परत वेल्डिंग मारलंय. दोन्ही पाइप बघा, एकाच सुरात."

"आणि जाळ्या कुठे आहेत?"

"भंगारात दिलंय. ठेवून काय लोणचा घालूचा?"

मग तो कंटाळला. खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "साहेब, आवाज काढणं गुन्हो आसा तर दंड लावा ना. पावती फाडा. मालक भरतलो. एवढ्यासाठी माणसाक दिवसभर बसवून ठेवतत काय?"

दंड. पावती. मला ती पलीकडे पडलेली चप्पल आठवली.

"बाई मेली आणि तू पावती फाडा म्हणतोस?"

"खयची बाई?"

त्याने हे इतक्या सहज विचारलं की मला तो निर्ढावलेला वाटला. मी म्हणालो, "आवाज काढतोस काय? थांब, तुझ्या कानाखाली आवाज काढतो." हे वाक्य मुंबईत शाळेच्या मास्तरापासून कंडक्टरपर्यंत सगळे म्हणतात. मीही ते शंभरदा म्हटलं असेन. त्या दिवशी म्हटलं आणि हातही उचलला. उघडा पंजा, त्याच्या डाव्या कानावर. पंजा जरासा वाकलेला होता. फट असा आवाज झाला, कागदी पिशवी फुगवून फोडावी तसा.

तो ओरडला नाही. त्याने करंगळी कानात घातली, बाहेर काढली, बघितली. मग माझ्याकडे तोंड करून अगदी साध्या स्वरात म्हणाला, "काय म्हणालात?"

मी काही म्हणालोच नव्हतो.

त्याच वेळी खाली आवारात ती गाडी चालू झाली.

मालकाच्या घरून किल्ली आली होती आणि आरटीओच्या निरीक्षकांनी कोणाला न विचारता ती फिरवली होती. ठाण्याच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. टेबलावरचा चहाचा ग्लास जागचा सरकला. खालून कोणीतरी शिवी घातली. ती गाडी मुकी नव्हती. ती गर्जत होती. निरीक्षकांनी पाय दाबला तसा आवाज भिंतीतून चढत वर आला. हवालदार आणि मी दोघेही खिडकीकडे वळलो. खिडकी मिस्त्रीच्या डाव्या हाताला होती.

मिस्त्री उजवीकडे वळला. तिकडे नुसती भिंत होती. तो त्या भिंतीकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती आली. आवाज त्याचाच होता, त्याने स्वतः लावलेला, आणि तो कुठून येतोय हे त्याला कळत नव्हतं.

मी खुनी पाहिले आहेत, रुळांवरची प्रेतं उचलली आहेत. असा हबकलो कधी नव्हतो.

निरीक्षक हात पुसत वर आले. "कोण म्हणतं ही शांत केलीय? अहो, कंपनीतून शांत आलेली गाडी ही, तिला बोंबलती केलीय. वेल्डिंग ताजं आहे, फार तर दोन दिवसांचं. शुक्रवारी ही मांजरीसारखी चालत असणार. आणि बंपरचा चेपा जुना आहे, आत गंज धरलाय." मग त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. "याला काय झालं?"

हवालदारांनी पाण्याचा ग्लास मिस्त्रीच्या हातात दिला.

आवाज काढला, म्हणजे आवाज खुलवला. गॅरेजवाले असंच बोलतात, हे मला त्या क्षणी कळलं. लोकांनी शुक्रवारी गर्जना ऐकली होती, म्हणजे ती गाडी ही नव्हतीच.

मी त्याला महापालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेलो. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि विचारलं, "हे कसं झालं?" मी गणवेशात, त्याच्या शेजारी उभा. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाय सरकलो. पडलंय," तो म्हणाला.

डॉक्टर माझ्याकडे बघत थांबले. मला बोलायची जागा होती, वेळ होता. मी गप्प राहिलो. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मारल्याचं जितकं लागलं त्याहून हे हायसं वाटणं मला आज जास्त लागतं. पडदा फाटला होता आणि आत आणखी काही दुखावलं होतं. त्या बाजूने पुन्हा ऐकू येण्याची आशा कमी आहे, असं डॉक्टर म्हणाले.

खरा गुन्हेगार हवालदारांनी शोधला. तो गंजका तुकडा खिशात घालून ते साकीनाक्यापासून घाटकोपरपर्यंत गॅरेजं फिरले. त्यांनी स्पोर्ट्स कार विचारलीच नाही, तुटका सायलेन्सर कोणी बदलला एवढंच विचारलं. पाव पोहोचवणारी एक जुनी व्हॅन निघाली. तिची नळी आधीच सडलेली होती, म्हणून ती तशी बोंबलत होती. अपघातात ती अर्धी तुटून पडली. ड्रायव्हरला हवालदारांनी समोर बसवलं, चहा दिला आणि तुकडा टेबलावर ठेवला. तो रडायला लागला. कोणी त्याला बोटही लावलं नाही. त्याला शिक्षा झाली. शाबासकी मला मिळाली.

याच केसवरून मी नव्या मुलांना शिकवायचो, की साक्षीदाराचा शब्द त्याच्या धंद्याच्या भाषेत समजून घ्या. आवारात गाडी गर्जते तिथे मी गोष्ट संपवायचो आणि वर्ग हसायचा. गेल्या वर्षी ते हसणं मला सोसेना, म्हणून नोकरी सोडली. धडा चुकीचा नाही. पण मी शिकलो ते दुसरंच. संशयित खोटं बोलतोय हे एकदा ठरलं, की त्याचं खरंही आपल्याला कबुलीसारखं ऐकू येतं. आणि किल्ली फिरवण्यापेक्षा हात उचलणं सोपं असतं.

वर्षभराने मी माझी स्कूटर घेऊन मुद्दाम त्याच्या गॅरेजवर गेलो. माफी मागायचीच असं ठरवून गेलो होतो. तो पत्रा ठोकत होता. मला बघून उठला, मान वळवून उजवी बाजू माझ्याकडे केली.

"आवाजाचं काम बंद केलंस?" मी विचारलं.

"बंद. दोन पाइपांमधलो फरक आता माका कळना नाय. ठोकाठोकी करतंय. त्याक कान लागना नाय."

"कानाचं... त्या दिवशी..."

"पडलंय ना मी, साहेब," तो मध्येच म्हणाला. आत त्याची बायको डबा उघडत होती. ती बाहेर न बघताच म्हणाली, "पडतलो नाय तर काय? दारू ढोसून जिन्यावरसून गेलो. पोलिसांनी उचलून हॉस्पिटलात नेल्यानी म्हणून वाचलो. सासरा मरेपर्यंत ह्याच्याशी बोललो नाय."

मिस्त्रीने स्कूटरचा ब्रेक नीट करून दिला. मी त्याच्या बायकोला नमस्कार केला आणि निघालो.

त्यानंतर मी त्या रस्त्याने गेलो नाही. मधल्या काळात मी अनेक अधिकाऱ्यांचे मारायला उचललेले हात धरले, काहींना समज दिली, एकाविरुद्ध वर लिहिलंही. त्याने हे फिटत नाही. तो माणूस आजही तिथेच राहतो, मी चौकशी केली आहे. तो दारू पिऊन पडला नव्हता. त्याला मी मारलं, आणि त्याने काही केलेलं नसताना मारलं. हे त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकोमुलांसमोर सांगणं मी त्याचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.