चवळीची पुरचुंडी

बेटावर कोण जाणार हे विहाराच्या ओट्यावर हात वर करून ठरलं. माझ्यासाठी दोनच हात वर झाले, आणि त्यातला एक माझाच होता.

गावातल्या बायांचा हा गट मी उभा केला. सातबाऱ्यावर बायकोचंही नाव लागावं म्हणून तलाठ्याच्या दारात मी बसले. पावसानं दडी मारली तरी तग धरणारं गावरान बी घरोघर हिंडून मी जमवलं. आणि दूरच्या समुद्रातल्या एका बेटावरच्या बायांनी भेटीला बोलावलं तेव्हा निवड कोणाची झाली? माझ्या धाकट्या जावेची! लग्न होऊन आली तेव्हा चार बायांत तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिला बोलायलाही मीच शिकवलं.

"तुमी तं तिथल्या बायांलेई रागावसान," गटातली एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून नुसता जळफळाट चालला होता.

त्या बेटावर समुद्र दरवर्षी थोडा आत येतो. विहिरी खाऱ्या झाल्या, शेतं गेली, आणि नव्या जागांच्या यादीत नावं लागली ती फक्त पुरुषांची. तेव्हापासून तिथल्या बाया एकत्र आल्या आहेत. पोत्यांत माती भरून त्या भाजी लावतात. त्यांनी आमच्याकडचं चवळीचं बी मागितलं होतं, आणि चवळी म्हटलं की आमच्या गावात माझंच घर. जाऊ बी मागायला आली ती नवी चप्पल घालून. ती चप्पल पाहून माझं डोकंच फिरलं.

माझ्याकडे दोन डबे होते. एकात राखेत घोळलेली यंदाची चवळी होती. दुसरा डबा छपराच्या टिनाखाली दोन उन्हाळे तापलेला. दाणे दिसायला टपोरे, पण आतून मेलेले. मी दुसऱ्या डब्यातली पुरचुंडी बांधून दिली. चुकून नाही, जाणूनबुजून. बेटावर हिची फजिती व्हावी, एवढंच मला हवं होतं.

आठवडाभरानं ती जऊळक्याहून गाडीत बसली. सगळा गट स्टेशनावर गेला. मी डोकं दुखतंय म्हणून घरीच पडून राहिले.

चारपाच दिवसांनी गटाच्या फोनवर फोटो आला. ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडलेली चवळी, जवळजवळ प्रत्येक दाण्याला मोड, आणि भोवती बेटावरच्या बाया हसताहेत. मी फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. मेलेलं बीसुद्धा हिच्या बाजूनं उभं राहिलं म्हणून मला त्या दाण्यांचाही राग आला.

परत आली तशी ती पिशवी खांद्यावर घेऊनच माझ्या दारात उभी राहिली. तिनं माझ्या हातात एक पुरचुंडी ठेवली. माझीच होती.

"हे काहून वापस आणलं?" मी विचारलं.

"उगवत नाही, बाई. जायच्या आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाह्यले, एकाले मोड नाही. तुमीच तं शिकवलं, उगवून पाह्यल्याबिगर बी कोणाले द्याचं नाही. मंग माहेरी अनसिंगले गेली अन् आईकडचं नेलं."

मी पुरचुंडी पदराखाली घेतली. "गटात सांगतलं?"

"कायले सांगू?" ती खाली बसत म्हणाली. "तिथंई मी सांगतलं का हे माया मोठ्या जावेच्या हातचं बी हाय. त्यायनं पोत्यांवर तुमचं नाव लिवलं."

मी समुद्र पाहिलेला नाही. माझं नाव तिथं आहे, तिच्या आईच्या चवळीखाली. मला लाज वाटली, पण ती नंतर. आधी हेवाच वाटला. कारण तिच्या जागी मी असते, तर ती पुरचुंडी विहाराच्या ओट्यावर सगळ्यांसमोर सोडून दाखवली असती.