साडूंची निळी ज्योत

रत्नागिरीत गॅसच्या ज्योतीवर माझ्या साडूंइतकं प्रेम दुसऱ्या कोणी केलं नसेल, आणि साडूंवर माझ्याइतकं कोणी जळलं नसेल. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारी नोकरी एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली. निवृत्त होऊन ते आमच्याच सोसायटीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहायला आले. आवाज मात्र निवृत्त झाला नाही. मी बँकेतला साहेब, सोसायटीचा अध्यक्ष, पण घरात काही अडलं की बायको म्हणे, "भावोजींना विचारू या." हे वाक्य मी वर्षानुवर्षं भातातल्या खड्यासारखं चावत आलो.

सोसायटीत पाइपचा गॅस आला आणि साडूंना जगायला नवं कारण मिळालं. सकाळी वरच्या खिडकीतून हाक येई, "अगो, ज्योत कशी आहे? निळी की पिवळी?" माझी प्रकृती त्यांनी कधी इतक्या आस्थेनं विचारली नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून त्यांनी तिच्यात कोकमाचं लाल पाणी भरलं होतं. शेगडीच्या नळीला फाटा काढून ती जोडली की गॅसच्या दाबानं पाणी एका बाजूला वर चढे, आणि साडू त्याच्याकडे नातवाची उंची बघावी तसे बघत. घावनाला जाळी पडली नाही, तर पीठ निर्दोष, गॅस दोषी. मी आयुष्यभर पिठालाच नावं ठेवत आलो होतो, तेव्हा बायको कोणाच्या बाजूनं असणार? नळाच्या पाण्याला नियम असतात, तसे गॅसच्या दाबाला, शुद्धतेला आणि वासालाही शहरानं घालून द्यावेत, असं त्यांनी मासळीबाजारात एका नगरसेवकाला इतकं पटवलं की तो सुरमई तिथेच विसरून गेला. गॅसला मुद्दाम घातलेला वास पुरेसा आहे ना, हे ते जिन्यात नाक वर करून तपासत. एकदा गळती झाली म्हणून त्यांनी सगळी विंग खाली उतरवली; निघाले तळमजल्यावर भाजायला घेतलेले हर्णैचे सोडे. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

पण एका गोष्टीत ते चुकले नाहीत. गणेशचतुर्थीला आमच्या विंगमध्ये सगळीकडे एकदम मोदकपात्रं चढली की ज्योत काजव्याएवढी होई. नैवेद्याला उशीर होई आणि बायका अध्यक्षाच्या, म्हणजे माझ्या नावानं बोटं मोडत. मी गॅस कंपनीला तक्रार लिहून इंजिनिअरला बोलावलं. तो दुपारी आला. जेवून सारी रत्नागिरी आडवी झालेली. दाब उत्तम निघाला. त्याच्या अहवालावर मी समाधानानं सही केली. साडू जिन्यातूनच ओरडले, "साडूभाऊ, रिकाम्या एसटीत बसून गर्दी मोजताय काय?"

मग त्यांनी घरोघरी जाऊन चतुर्थीची रंगीत तालीम ठरवली. मी म्हटलं, "हा पोरखेळ आहे. अध्यक्ष म्हणून माझी परवानगी नाही." बायको म्हणाली, "आपलं मोदकपात्र मी घासून ठेवलंय." ठरल्या दिवशी इंजिनिअर विंगखाली मीटर जोडून बसला आणि साडू अंगणात उभे राहून स्टँडच्या आवाजात गरजले, "तळमजला, शेगडी पेटवा! पहिला मजला, तयार राहा!" तळमजल्यावरची म्हातारी खिडकीतून म्हणाली, "आजोबानू, नुसतं पाणी उकळून काय गणपती लवकर येणार?" वरच्या मजल्याची घोषणा झाली आणि मीटरचा काटा बसला तो उठेना. इंजिनिअरनं निमूट विंगचा रेग्युलेटर बदलून मोठा बसवून दिला.

त्या चतुर्थीला मोदक वेळेवर झाले. वार्षिक सभेत शाल-श्रीफळ मात्र मला मिळालं, कारण तक्रारीखाली सही माझी होती. मी "सर्वांचं सहकार्य" असं काहीतरी पुटपुटलो आणि साडूंचं नाव घेतलं नाही. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच होत्या. पुढे ते मुलीकडे पुण्याला गेले. परवा न राहवून मी बायकोला म्हटलं, "ती शाल खरं तर भावोजींची." ती म्हणाली, "ठाऊक आहे. तेच म्हणाले होते, काही बोलू नको, ह्यांना शाल शोभते." म्हणजे मोठेपणातही तेच पुढे!

मी तडक फोन लावला. म्हटलं, "यंदाच्या सभेत सगळं खरं सांगणार आहे." ते म्हणाले, "नको हो. त्यात काय एवढं?" घोषणा करणाऱ्या माणसाचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "इथे सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "दाबही चांगला. कोणाला काही विचारावं लागत नाही."

मी स्वयंपाकघरात बघितलं. बायको चहा करत होती. शेगडीवर ज्योत सरळ, स्वच्छ निळी जळत होती.

"आमच्याकडे हल्ली पिवळी येते," मी म्हटलं.

फोन कानापासून दूर धरावा लागला.

"कधीपासून?"

बायकोनं माझ्याकडे वळून पाहिलं, आणि आधणात आणखी पाणी घातलं.