वारं बघणाऱ्या अक्का

अक्का कुणाच्याही घरी आल्या की आधी चपला काढायच्या, मग उदबत्ती पेटवायच्या आणि मग ओठांवर बोट ठेवायच्या. "बोलू नगासा! श्वास बी हळू घ्या. मी वारं बघायलोय."

आमच्या कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, त्यामुळे दचकू नका. दचकायचंच असेल तर पुढचं बघा. घरातले सगळे पंखे बंद व्हायचे आणि बंद खिडकीच्या चौकटीवरून ती पेटलेली उदबत्ती सावकाश फिरायची. धूर सरळ वर जात असेपर्यंत अक्कांचा चेहरा मख्ख. एखाद्या फटीपाशी धूर एकदम आत झुकला, की हरवलेली अंगठी सापडावी तशा त्या ओरडायच्या, "घावला! घावला बघा चोर!"

गल्लीत लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणत. माहेर कबनूरचं. तरुणपणी तिथल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये त्या कांड्यांवर सूत भरायच्या. कोरडा वारा आत आला की सूत तुटतं, सूत तुटलं की माग थांबतो आणि माग थांबला की मुकादम सगळ्यांच्या नावानं ओरडतो. त्यामुळे खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबायचं काम आपोआप बायकांकडे आलेलं. वाऱ्याशी अक्कांचं वैर तेव्हापासूनचं. लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर त्या पडदे आणि उशांचे अभ्रे शिवू लागल्या. पडद्याचं माप घ्यायला जायच्या आणि खिडकीतच अडकायच्या. पडदा राहायचा बाजूला.

माझी त्यांच्याशी गट्टी जमली ती एका थंडीत. माझ्या स्वयंपाकघरात सकाळी गॅसची ज्योत नुसती नाचायची आणि चहा उकळेपर्यंत माझी बोटं गारठायची. अक्कांनी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून सायकलच्या फुटक्या ट्यूबा आणल्या, त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि झडप जिथे चौकटीला टेकते तिथे चिकटवल्या. खिडकी लावली तर आवाजसुद्धा बदलला. आधी ती खडखडायची, आता नुसती 'धप्' झाली. मी त्या धपच्या प्रेमात पडले. दिवसभर उगीचच खिडकी उघडत आणि लावत होते.

पण अक्का खऱ्या कळल्या त्या आत्याबाईंच्या खिडकीमुळे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. एकोणीसशे नव्वदचं दशक संपत आलं होतं. खुब्याचं हाड मोडल्यानं त्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यांची कॉट आम्ही पश्चिमेच्या खिडकीशी लावली होती. खिडकीखाली दुधाचा कट्टा. संध्याकाळी तिथे म्हशी येऊन उभ्या राहायच्या आणि गिऱ्हाइकांसमोर धार काढली जायची. म्हशींच्या घरात वाढलेल्या आत्याबाईंना तेवढंच जग उरलं होतं, आणि त्या ते पोटभर बघायच्या. "त्या काळीच्या शिंगांस्नी आज तेल लावलंय बघ. मालक खुशीत दिसतोय," असं काहीबाही सांगायच्या.

मार्च लागला आणि ऊन थेट कॉटवर पडायला लागलं. दुपारी चादर तापायची, आत्याबाईंना भोवळ यायची. डॉक्टर म्हणाले, हे चालणार नाही. रस्त्याकडे खिडकी असलेली दुसरी खोली आमच्याकडे नव्हती. आमच्या ह्यांनी निर्णय घेऊन टाकला की खिडकी बुजवायची आणि पंखा लावायचा. सोमवारी गवंडी येणार होता. आत्याबाई भांडल्या नाहीत. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि भाकरी परत पाठवली. "भित्ताडाकडंच बघायचं हाय न्हवं, तर सवय करायलोय," एवढंच म्हणाल्या. मला तिथे उभं राहवेना. मी तडक अक्कांकडे धावले.

अक्का आल्या आणि उदबत्ती चौकटीवरून फिरू लागली. आत्याबाईंनी डोळे उघडले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "माझ्यावरनं बी एकदा फिरीव गं बाई."

"अवो आत्या, आमच्या घरात बुद्धवंदना असती. दृष्टबिष्ट न्हाय काढत मी. वारं बघायलोय!"

आत्याबाईंना ते पटलं की नाही कोण जाणे. पण तेवढ्यात दारात विरजण मागायला आलेली शेजारीण हे अर्धवट बघून विरजण न घेताच परत गेली होती. एवढ्यावरून पुढे काय झालं असेल, हे गल्लीत राहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

सोमवारी गवंडी थापी घेऊन आला तो उंबऱ्याबाहेरच थांबला. आत यायला तयारच होईना. ह्यांना म्हणाला, "साहेब, त्या खिडकीत बाई बसलीया म्हनं. मी तिथं वीट लावणार न्हाय."

"कसली बाई? माझी आई बसलीय तिथं!" हे ओरडले.

"त्येच म्हनतोय की मी!" असं म्हणून त्यानं खिडकीच्या दिशेनं नमस्कार केला आणि निघून गेला.

मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसले. अक्कांना कळलं तेव्हा त्या शिलाई मशीनवर डोकं टेकून हसल्या. "माझ्या हातनं देवी बसीवली व्हय गं! आमच्या घरात कळलं तर काय म्हनतील?" हे मात्र चिडले होते. पुढच्या आठवड्यात दुसरा गवंडी आणतो, म्हणाले. म्हणजे अक्कांना आठवडा मिळाला.

आणि त्यातले पहिले दिवस त्यांनी वाया घालवले! त्यांनी सगळ्या फटी ट्यूबच्या पट्ट्यांनी बंद केल्या, आतून जाड पडदा लावला आणि खिडकी धप् करून लावली. धूर टाचणीसारखा सरळ वर गेला. दुपारी खोलीची भट्टी झाली. "आगं, मला भाजायला घातलीस काय?" आत्याबाई कळवळल्या. दुसरी कुणी असती तर लाजून घरी गेली असती. अक्का त्या उकाड्यात कॉटशेजारी फतकल मारून बसल्या, घामानं निथळत. मधूनच पडद्याला हात लावायच्या, मधूनच काचेला. आणि मग ताडकन उठल्या.

"चुकलं की वो! मी वारं बघत बसलो, ऊन बघितलंच न्हाय! थंडीचं औषध उन्हाळ्याला दिलं. ऊन काचंतनं आत घ्यायचं आनि मग पडदा वडायचा? ह्ये म्हंजे पावण्याला माजघरात बसवून मग दार लावल्यागत झालं. त्येला भाईरच थांबवाया पायजे, भाईर!"

आपली चूक सापडल्यावर इतकी आनंदलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. बुरडाकडून बांबूच्या कामट्या आल्या. अक्कांनी त्या आमच्या गच्चीवर सुतळीनं विणायला घेतल्या, मागावर बसल्यासारख्या ताठ बसून. बाहेरच्या अंगाला चुना फासला, ऊन परतवून लावायला. पंक्चरवाला शिडीवर चढला, शेजारीण खालून "उजवीकडं, अजून उजवीकडं!" ओरडत होती, आणि खिडकीच्या बाहेर, काचेपासून वीतभर अंतर ठेवून, तो पडदा टांगला गेला. मधल्या जागेतून तापलेली हवा वर निघून जायला हवी, असं अक्कांचं म्हणणं. वरचा झरोका आम्ही कधीकाळी वर्तमानपत्रं कोंबून बंद केला होता, तो त्यांनी उघडला. पडदा गुंडाळायची दोरी चौकटीतून आत घेतली आणि तिचं टोक थेट आत्याबाईंच्या हातात दिलं. "आता तुम्ही मालकीण. ऊन हटलं की वडा, म्हशी बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे श्वास रोखून बसलो. खोलीत मऊ, पट्ट्यापट्ट्यांचा उजेड होता. चादर तापली नव्हती. अक्कांनी उदबत्ती झरोक्याजवळ धरली आणि धूर सरसर बाहेर ओढला गेला. "गेला! निघाला बघा भाईर!" त्यांच्या आरोळीनं कट्ट्यावरची माणसं वर बघू लागली. तेवढ्यात आमचे हे घामाघूम होऊन आले, पाहणी करायला म्हणून आईच्या कॉटशेजारी जमिनीवर बसले, मग आडवे झाले आणि घोरायला लागले. दुसऱ्या गवंड्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

ऊन उतरल्यावर आत्याबाईंनी दोरी ओढली. पडदा वर गेला आणि खाली काळी म्हैस उभी होती. "आली गं बाई," त्या म्हणाल्या आणि मला भाकरी वाढायला सांगितलं. अक्का डोळे पुसत मशीनकडे परत गेल्या, शिवण अर्धं राहिलंय म्हणून.

पहिला गवंडी पुढच्या उन्हाळ्यात स्वतःच अक्कांच्या दारात आला. "माझ्याबी घरात तेवढी बाई बसवा की," म्हणाला!

आत्याबाई त्यानंतर बरीच वर्षं दोरी हातात धरून जगल्या, आणि गेल्याही त्याच खिडकीशी. नव्या शतकात गल्लीत सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या आल्या. आता अक्कांचं काम संपलं, असं आम्हाला वाटलं. कसलं काय! पहिल्याच फ्लॅटमध्ये उदबत्ती घेऊन हजर. "ह्येला बी फट हाय!" आनंदानं लाल झाल्या होत्या.

मग एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि अक्का गेल्या. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या नावानं होणाऱ्या वंदनेला, आम्ही सगळ्या त्यांच्या घरी गेलो. मी इतक्या वर्षांत त्या घरात क्वचितच बसले होते, कारण अक्का नेहमी दुसऱ्याच्या घरात सापडायच्या. भिंतीशी बुद्धाची मूर्ती, शेजारी अक्कांचा हार घातलेला फोटो, पुढे मेणबत्त्या आणि उदबत्ती. वंदना झाली. मला फार एकटं वाटत होतं.

फोटोसमोरची खिडकी बंद होती. उदबत्तीचा धूर थोडा वर गेला आणि एकदम फोटोकडे झुकला.

मी शेजारणीकडे पाहिलं. तिनंही पाहिलं होतं. "घावला," ती रडत रडत पुटपुटली. आणि मग आम्ही सगळ्या जणी एकेक करून उठलो, फोटोकडे पाठ केली आणि अक्कांच्या खिडकीची फट शोधायला लागलो.