कोऱ्या बाटलीतले बोंबील

मी सांगलीकडची. लग्न होऊन बोईसरला आले तेव्हा शेजारी बोंबील तळले की मी खिडक्या लावून घ्यायची. आज माझ्या फ्रीजचा वरचा कप्पा मासळीचा आहे, आणि चिंचणीहून येणारी मासळीवाली आमच्या सोसायटीत सगळ्यांत आधी माझीच बेल वाजवते.

सव्वीस वर्षं मी इथल्या एका छोट्या रसायनांच्या कारखान्यात पाणी तपासलं. बाहेर सोडायचं पाणी बाटलीत भरून माझ्या टेबलावर यायचं, मी आकडा काढायची आणि लिहायची. आकडा जास्त आला तर जास्तच लिहायची, त्यापायी साहेबांशी भांडणंही झाली. खोटं कधी लिहिलं नाही. पण ते पाणी पुढे नाल्यातून ज्या खाडीत जातं, ती खाडी मी एकदाही जाऊन पाहिली नाही. घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. निवृत्त झाल्यावर हे मला खुपायला लागलं. मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुझ्या एकटीच्याच कारखान्याचं पाणी होतं का ते?" नव्हतं, पण त्या उत्तराने माझं समाधान होईना.

अशात एका जुन्या सहकाऱ्याने एक मुलगी माझ्याकडे पाठवली. पुण्याची, माशांवर पीएच.डी. करणारी, आणि मासा न पकडता तो मोजणारी! मी म्हटलं, ही नवीनच तऱ्हा. तिने समजावून सांगितलं. मासा पाण्यातून गेला की खवल्याचा कण, अंगावरचा चिकटा, विष्ठा, काही ना काही मागे ठेवून जातो. ते पाणी बारीक गाळणीतून गाळायचं आणि गाळणी प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे त्या कणांमधल्या डीएनएवरून इथून कोण कोण गेलं ते कळतं. तिला सामान ठेवायला जागा हवी होती आणि पाणी गाळायला एक टेबल. माझी गॅलरी मोकळीच होती.

"कुठलं पाणी?" मी विचारलं. एक नमुना माकुणसारच्या गोड्या तळ्याचा, तुलनेसाठी. आणि एक, म्हणाली, कारखान्यांमागचा नाला जिथे खाडीला मिळतो तिथला. म्हणजे मी तपासलेलं पाणी जिथे जायचं, तीच खाडी.

तिचं सोवळं माझ्या सासूबाईंच्या वरताण होतं. टेबल ब्लीचने पुसायचं, हातमोजे दर बाटलीला नवे, चिमट्याच्या टोकाला हात लावायचा नाही. शिवाय एक कोरी बाटली. तिच्यात विकतचं शुद्ध पाणी भरायचं, ते खाडीवर नेऊन नुसतं उघडायचं आणि बाकीच्यांसारखंच गाळायचं. त्यात काहीही सापडता कामा नये. सापडलं, तर चूक आपल्या हाताची. कारखान्यात आम्हीही अशी कोरी बाटली, म्हणजे ब्लँक, लावायचो, त्यामुळे मी ऐटीत म्हटलं, "अगं, मला काय शिकवतेस? बाटल्या, हातमोजे, चिमटे सगळं मी बांधून ठेवीन. तू फक्त पाणी आण."

आणि बांधून ठेवलं. तिचा प्लॅस्टिकचा डबा तडकला होता, म्हणून सगळं सामान माझ्या घरातल्या चांगल्या जाड कापडी पिशवीत भरलं. पिशवी साबणाने धुतलेली, दोन दिवस कडक उन्हात वाळवलेली. आमच्याकडे याहून स्वच्छ काही नसतं.

दीड महिन्याने तिने फोनवर खाडीची यादी पाठवली. डझनभर मासे! पापलेट, रावस, बांगडा, मांदेली, बोंबील, सुरमई. मी ती यादी पाच वेळा वाचली. सव्वीस वर्षांचा दगड छातीवरून उतरला. खाडी जिवंत होती, म्हणजे आपण काही फार वाईट केलं नव्हतं. त्या दिवशी मी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी मासळीवाली आली तेव्हा तिलाही कौतुकाने यादी वाचून दाखवली. ती पाटी खाली ठेवून हसायलाच लागली.

"अवो ताय, सुरमय कवा नाल्यात येते का? आमी ती खोल पाण्यातून आणतो. ही खाडी नाय, ही माजी पाटी हाय! तुमच्या पिशवीत मीच तर घालते ह्ये सगळं."

मी भडकले. म्हटलं, यंत्राने सांगितलंय, तुला काय कळतं त्यातलं? त्या दिवशी तिच्याकडून काही घेतलंही नाही. ती पाटी उचलून हसत हसतच पुढच्या दारात गेली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आवाज बसलेला. "काकू, तळ्याचा आणि कोऱ्या बाटलीचा निकाल आला. माकुणसारच्या गोड्या तळ्यात सुरमई आहे. आणि कोऱ्या बाटलीत बोंबील." पुढे म्हणाली, "माझाच हात कच्चा दिसतोय. सरांना कळवते, ही खाडी सोडून देते. मला हे जमणार नाही."

तीच पिशवी दाराच्या खिळ्याला लटकत होती. मला तत्क्षणी कळलं. साबण आणि ऊन माझ्या नाकापुरते पुरेसे होते, तिच्या यंत्रापुढे नव्हते. दहा वर्षांची मासळी त्या कापडात मुरलेली होती. आणि तरीही मी फोनवर एवढंच म्हणाले, "बघू गं, घाईने काही कळवू नकोस."

पुढचे दोन दिवस मी गप्प राहिले. याची मला अजून लाज वाटते. फजितीची भीती होतीच, पण खरं कारण वेगळं होतं. पिशवीचं सांगितलं की यादीतला एकेक मासा जाणार होता, आणि माझी सुटका त्या माशांवरच टेकलेली होती. पोरीने खाडी सोडली असती तर त्या पाण्याला पुन्हा कुणी काही विचारलंच नसतं. माझ्या मनातल्या एका कोपऱ्याला ते चाललं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. मग तिने विचारलं, "काकू, सामान त्या पिशवीत भरण्याआधी तुमच्याकडे कुठले कुठले मासे आले होते?" मी आठवून आठवून सांगितले, ती यादीवर खुणा करत गेली. एकही चुकला नाही. मग ती जी हसायला लागली! "म्हणजे पद्धत चोख आहे हो. तुमच्या स्वयंपाकघराचा रिपोर्ट आलाय!" मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. सरांना तिने अजून काही कळवलं नव्हतं.

पुढच्या खेपेला सामान नव्या, सीलबंद डब्यात गेलं. मीही गेले. मिस्टरांचे जुने गमबूट घालून ओहोटीच्या वेळी पहिल्यांदा त्या चिखलात उतरले. वास नाकात शिरला तसे नमुन्यांच्या बाटल्यांनी भरलेले ते सगळे दिवस आठवले. पाणी काळपट होतं, वर तवंग होता. मुलीने बाटली माझ्या हातात दिली आणि मी ती माझ्या हाताने बुडवली. काही दिसत नव्हतं, नुसते बुडबुडे येत होते.

निकाल आला. कोरी बाटली कोरी. माकुणसारच्या तळ्यात तळ्याचेच मासे. आणि खाडीत तीन. निवटी, बोय आणि शिंगाळा. बस, तीन.

मासळीवालीला सांगितलं, माफी मागून. ती मान डोलावत म्हणाली, "ह्ये खरं. ह्ये चिवट हायेत, ह्ये राहतात."

पहिली यादी खरी निघाली असती तर मी त्या डझनभर माशांच्या भरवशावर समाधानाने म्हातारी झाले असते आणि खाडीचं तोंडही पाहिलं नसतं. या तिघांनी मला तसं सुटू दिलं नाही. त्यांनी माझ्या सव्वीस वर्षांचं सगळं पाणी पचवलं आणि तरी ते तिथेच आहेत. आता दर महिन्याला ओहोटीच्या वेळी मी बाटली घेऊन त्या चिखलात उतरते आणि चौथा कोण येतो याची वाट बघते.