अक्काची ओळ

शेजारच्या मामींचा जुना फोन मी दुकानात बदल्यात देऊन त्यांना नवा आणून दिला, आणि त्यांची सगळी गाणी घालवली. वर त्याबद्दल हक्कानं कॉफीही मागून प्यालो.

त्या फोनवर मामींच्या अक्कानं, म्हणजे थोरल्या बहिणीनं, गायलेली कीर्तनातली मराठी पदं होती. अक्का आता नाही. तंजावरातल्या एका छोट्या कंपनीनं ती पदं विकली होती, पण ज्या फोनवर घेतली फक्त त्याच फोनवर वाजतील असं कुलूप घालून. कंपनी केव्हाच बंद पडली. आतलं सगळं पुसून तो जुना फोन पुढे कुणाला विकला गेला, हे दुकानदारालाही ठाऊक नाही.

रोज सकाळी फिल्टरमधून कॉफी उतरेपर्यंत मामी गात. पहिली ओळ फोनमधल्या अक्काची, दुसरी मामींची. एरवी बोलणं मोजकं. मूळच्या तंजावरच्या, त्यामुळे रागावल्या की मराठीतून एकदम तमिळमध्ये शिरत. माझ्यावर मात्र त्या रागावल्याच नाहीत, म्हणून मी जास्त घाबरलो.

दुसऱ्या सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. अक्काच्या ओळीपुरत्या त्या गप्प राहिल्या, मग आपली ओळ गायल्या. सगळं पद असंच.

मला राहवेना. तडक जाऊन भाषण ठोकलं, "मामी, विकत घेतलेलं गाणं कुठल्याही फोनवर वाजलंच पाहिजे! सरकारनं तसा नियमच करायला हवा."

मामींनी कॉफीचा पेला माझ्यापुढे ठेवला.

"करू दे रे. पण आधी तुला कुणाच्या वस्तूला हात लावू द्यायचा नाही, असा नियम करायला सांग."