थांबा म्हणणारी गिरिजा

मी गिरिजाची नणंद, आसावरी. नणंदेनं भावजयीचं कौतुक लिहायला बसावं म्हणजे माझी तब्येत बरी नाही असं तिच्या नवऱ्याला, कुमारला वाटेल. वाटू दे. इथल्या, अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीतल्या मराठी मंडळींनी तिची गोष्ट इतकी तिखटमीठ लावून फिरवली आहे, की परवा इंडियन ग्रोसरीत कोथिंबीर निवडताना एका बाईंनी मलाच ऐकवलं, ‘तुमच्या वहिनीनं म्हणे एका सर्जनला थिएटरबाहेर काढलं!’ तसं काहीही झालेलं नाही. जे झालं ते मला जास्त आवडतं, म्हणून नीट सांगते.

गिरिजा नागपूरची. तिथेच नर्सिंग केलं, लग्न करून इथे आली, इथल्या परीक्षा दिल्या आणि पुढे कितीतरी वर्षं वूस्टरच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत काम केलं. माझा धाकटा भाऊ कुमार आयटीत आहे. तो दिवसभर बेसमेंटमध्ये बसून लोकांना ‘यू आर ऑन म्यूट’ असं सांगत असतो. सगळं छान चाललेलं असताना चाळिशी उलटलेल्या या बाईनं एका रविवारी पोहे खाता खाता जाहीर केलं, की ती नोकरी सोडून भूल द्यायला शिकणार आहे.

आपल्याकडे भूल म्हटलं की डॉक्टर. इथे आयसीयूत हात बसलेल्या नर्सेसही तीन वर्षं शिकून, डॉक्टरेट घेऊन भूल देतात. हे मला एका वाक्यात कळलं, पण आमच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ करून आणायच्या जेवणाला, जमणाऱ्या इंजिनियरांना काही केल्या कळेना.

‘म्हणजे तू आता डॉक्टर होणार?’

‘नाही, नर्सच.’

‘मग डॉक्टरेट कशाला?’

‘भूल द्यायला.’

‘पण भूल तर डॉक्टर देतात ना यार?’

गिरिजा दर वेळी हसून पुन्हा पहिल्यापासून सांगायची. मी असते तर त्यांच्या ताटातली भजी काढून घेतली असती.

पहिलं वर्ष पुस्तकांचं होतं, आणि त्या वर्षी त्यांच्या घरी जायला मला भारी मजा यायची. कुमार सोफ्यावर डुलकी घेत असला की ही मागून येऊन त्याची हनुवटी दोन बोटांनी अलगद वर उचलायची. झोपलेल्या माणसाची जीभ मागे पडते, हनुवटी उचलली की श्वासाची वाट मोकळी होते, असं म्हणायची. कुमारचं घोरणं त्या क्षणी बंद व्हायचं. एवढ्यासाठीसुद्धा हे शिक्षण घेण्यासारखं आहे असं माझं मत झालं. दिवाळीच्या कार्यक्रमात सगळ्या बायका एकमेकींचे हार बघत होत्या आणि ही हाराच्या वरचे गळे बघत होती.

‘ताई, त्या निळ्या साडीतल्या काकू आहेत ना, त्यांना नळी घालणं अवघड जाईल. हनुवटी फार आत आहे.’

‘आणि मला?’ मी विचारलं.

‘तुमचा प्रश्नच नाही. तुमचं तोंड मस्त उघडतं.’

हे कौतुकच होतं असं ती आजही शपथेवर सांगते.

दुसऱ्या वर्षापासून प्रत्यक्ष थिएटरमध्ये काम सुरू झालं. ही पहाटे जायची, मशीन तपासायची, औषधं सिरिंजमध्ये भरून प्रत्येकीवर लेबल लावायची, पेशंटला झोपवायची आणि मुख्य म्हणजे शेवटी नीट उठवायची. पेशंट डोळे उघडून ‘झालं पण?’ असं विचारतो तेव्हा तिला इतका आनंद होतो, की घरी येऊन त्या ‘झालं पण?’ची नक्कल करून दाखवते. पेशंट कोण, कुठला, काय झालं होतं, याबद्दल मात्र चकार शब्द नाही. नियमच आहे तसा, आणि ती नियमाला पक्की.

तिच्या डोक्यावर डोना नावाची शिक्षिका होती. इथे तिला प्रीसेप्टर म्हणतात. थिएटरमध्ये विद्यार्थिनीच्या खांद्याशी उभं राहून शिकवणारी. बाहेर गुडघाभर बर्फ असला तरी हातात बर्फ घातलेली कॉफी. बोलणं थोडं आणि खरखरीत. एकदा ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या हाताखाली सलाइनची नळी दबली. डोनाच्या ते लक्षात आलं तोवर बराच वेळ गेला होता. सुदैवानं पेशंटला काही झालं नाही. बाहेर आल्यावर डोनानं विचारलं, ‘तुला दिसलं होतं?’

गिरिजा खोटं बोलत नाही. ‘हो,’ म्हणाली.

‘मग?’

‘तुम्ही सीनियर आहात. मला वाटलं, तुम्हालाही दिसलं असेल.’

डोनानं कॉफी खाली ठेवली. ही बाई कॉफी खाली ठेवते म्हणजे प्रकरण गंभीर, एवढं मलाही गिरिजाच्या सांगण्यावरून कळत होतं. विद्यार्थिनी हुशार आहे, हात चांगला आहे, पण तोंड उघडत नाही. आणि या कामात न बोलणारा माणूस धोक्याचा, असं तिनं कॉलेजला कळवलं. गिरिजाला प्रोबेशनवर टाकलं. या रोटेशनच्या, म्हणजे डोनाच्या हाताखालच्या पाळीच्या, शेवटी डोनाचा अभिप्राय बदलला नाही तर शिक्षण संपलं, घरी बसा.

मी डोनाला मनातल्या मनात शुद्ध मराठीत बरंच काही बोलून घेतलं. पण खरं सांगायचं तर तिचं चूक नव्हतं. मोठ्या माणसाची चूक दिसली तर ती दिसलीच नाही असा चेहरा करायचा, हे आपण मुलींना वरणभाताबरोबर भरवतो. आमच्या गिरिजाच्या ते अंगी इतकं मुरलं होतं, की माझ्या आईनं आमटीत दोनदा मीठ घातलं तेव्हा हिनं ती आमटी दोन वाट्या प्यायली. आमच्याकडे याला संस्कार म्हणायचे. थिएटरमध्ये त्याच संस्कारापायी तिची आजवरची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती. ‘बोल की गं, त्यात काय एवढं?’ मी तिला म्हणायचे. ती म्हणायची, ‘ताई, शब्द घशापर्यंत येतात हो. तिथून पुढे येत नाहीत.’ तेव्हा ती रडवेली व्हायची आणि मला तिची फार माया यायची.

आता पुढचं तिनं सांगितलेलं नाही, कारण ती सांगणारच नाही. हे खुद्द मनोहरकाकांनी सांगितलं, पंधरवड्यानं, भर पॉटलकमध्ये, खुर्ची मधोमध ओढून. मनोहरकाका म्हणजे अमरावतीचे निवृत्त हेडमास्तर. मुलाकडे राहतात. इंग्रजी असं, की इथल्या लोकांनी वही घेऊन बसावं. आयुष्यात खोटं बोललो नाही, हे ते ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

काकांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. रोटेशनचा शेवटचा दिवस होता, आणि सकाळच्या पहिल्याच केसला गिरिजासमोर काका. ‘मी यांना ओळखते,’ असं तिनं डोनाला लगेच सांगितलं. डोनानं काकांना विचारलं, चालेल ना? काका खूश. ‘शी इज अवर ओन गर्ल!’ नर्स भूल देते यावर त्यांचा तोवर विश्वास नव्हता, पण आपली मुलगी देणार म्हटल्यावर बसला.

मग नेहमीचे प्रश्न झाले. रात्रीपासून काही खाल्लंत? काही प्यायलात? पोटात काही असलं तर भूल दिल्यावर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, जिवावर बेततं, म्हणून हा प्रश्न इथे तिघं-चौघं विचारतात. काकांनी प्रत्येकाला खणखणीत ‘नथिंग’ सांगितलं. पाण्याचा थेंबही नाही म्हणाले. सर्जन येऊन भेटून गेला. पलंगाचे कठडे वर झाले. आता पलंग आत ढकलायचा, तेवढ्यात सुवर्णाकाकू गिरिजाचा हात धरून म्हणाल्या, ‘काळजी करू नकोस हं पोरी. निघताना सगळं रीतसर करून निघालोय.’

गिरिजा पुढे जायला वळली आणि थांबली.

‘काकू, रीतसर म्हणजे काय काय केलंत?’

‘अगं, नेहमीचंच. देवापुढे दिवा लावला, नमस्कार केला, आणि बाहेर पडताना यांच्या हातावर दही-साखर ठेवली.’

‘आणि काकांनी ती खाल्ली?’

‘मग काय हातावर घेऊन गाडी चालवणार?’

माझ्या मते साऱ्या मॅसॅच्युसेट्समध्ये त्या घडीला हे विचारू शकेल अशी ती एकटीच बाई होती. परीक्षा असो, मुलाखत असो, विमानप्रवास असो, आपण हातावर दही घेऊन चाटतो आणि निघतो. ते खाणं आहे असं आपल्याला सुचतसुद्धा नाही. काकांनाही सुचलं नव्हतं.

‘काका, तुम्ही काही खाल्लं नाही म्हणालात,’ गिरिजा म्हणाली.

काकांचा पारा चढला. ‘तू मला खोटारडा ठरवतेस? ते खाणं नव्हे. तो शकुन आहे! चमचाभर दही!’

आणि नेमका सर्जन परत आला. उशीर का, म्हणून विचारू लागला. काका सांगतात, की पोरीचा चेहरा पांढराफटक झाला. एका बाजूला हेडमास्तर, दुसऱ्या बाजूला सर्जन, दोघंही वयानं मोठे, दोघंही रागावलेले. तिनं डोनाकडे पाहिलं. डोनानं सगळं ऐकलं होतं, मराठी कळत नसलं तरी चेहरे कळत होते. ती पाठ फिरवून आपल्या गळ्यातला बॅज सरळ करत बसली.

‘वी आर नॉट गोइंग इन,’ गिरिजा म्हणाली.

‘का?’

‘यांनी घरून निघताना दही खाल्लंय. आता भूल देता येणार नाही. दुपारी घेऊ.’

‘किती दही?’

‘चमचाभर.’

‘चमचाभर?’ सर्जननं घड्याळाकडे, छताकडे आणि मग काकांकडे पाहिलं. काकांनी मान वळवली. सर्जन म्हणाला, चमचाभरासाठी दिवसभराच्या ऑपरेशनांची सगळी यादी उलटीपालटी करायची का?

काका म्हणतात, त्यानंतर तिचा आवाज बदलला. मोठा नाही झाला. उलट खाली आला. ‘हो,’ ती म्हणाली. ‘चमचाभरासाठी. मी यांना आत नेणार नाही.’

भूलतज्ज्ञ डॉक्टर आले, त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि तिचंच म्हणणं उचलून धरलं. सर्जन पुटपुटत दुसऱ्या पेशंटकडे गेला. सुवर्णाकाकूंना रडू कोसळलं; गिरिजानं त्यांना जवळ घेऊन सांगितलं, की तुम्ही सांगितलंत म्हणून तर बरं झालं. काका दुपारपर्यंत उपाशीपोटी रागावून पडून राहिले. पण दुपारी ती मास्क घेऊन डोक्याशी आली आणि ‘काका, आता मोठे श्वास घ्या,’ म्हणाली, तेव्हा, काकांचेच शब्द, ‘मी निमूटपणे घेतले. बायकोचं ऐकलं नाही एवढं तिचं ऐकलं.’ जाग आल्यावर पहिलं वाक्य काय, तर ‘झालं पण?’

पॉटलकमध्ये एवढ्यावर टाळ्या पडल्या. गिरिजा एका कोपऱ्यात लाल होऊन कोशिंबीर वाढत होती.

पण मला सांगायची आहे ती त्याच दिवसाची संध्याकाळ. तेव्हा आम्हाला दही माहीत नव्हतं, काका माहीत नव्हते. माहीत एवढंच होतं, की आज डोना हो किंवा नाही म्हणणार. मी त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसले होते. कुमार तिसऱ्यांदा चहा टाकत होता आणि तिसऱ्यांदा उतू घालवत होता. गाडीचा आवाज आला. गिरिजा दारात आली. डोळे सुजलेले, नाक लाल, कोट अर्धा काढलेला. मी काय समजायचं ते समजले.

मी उठून तिला धरलं आणि सुरू झाले. म्हटलं, जाऊ दे गं. काय अडलंय त्यांच्यावाचून? आयसीयूत तुला उद्या हात जोडून परत घेतील. त्या डोनाला माणसांची पारख नाही. आपण तुझ्या आवडीचा वडाभात करू, पुढच्या वर्षी दुसरीकडे अर्ज करू, आणि कॉलेजला मी असं एक पत्र लिहीन की...

‘ताई, थांबा.’

मोठ्यानं नाही. खालच्या आवाजात. कुमारच्या हातातली गाळणी जागच्या जागी राहिली.

‘माझं आधी ऐका,’ ती म्हणाली. ‘मी पास झाले.’

इतक्या वर्षांत या घरात माझं वाक्य कुणी मध्ये तोडलं नव्हतं. आमच्या आईनंसुद्धा नाही. मी तोंड उघडं ठेवून उभी राहिले, आणि मग मला असं हसू फुटलं की मी खुर्चीतच बसले. ती रडत होती, हसत होती आणि मला म्हणत होती, ‘ताई, मी तुम्हाला थांबा म्हटलं, सॉरी, सॉरी हो.’

‘सॉरी कसलं?’ मी डोळे पुसत म्हणाले. ‘पुन्हा म्हण.’